तक्रार प्रमुखाविरुद्धच असेल, तर ती वाचतं कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला गट सप्टेंबरात सॉफ्टवेअर फ्रीडम डे साजरा करणार आहे. पोस्टरवर फ्री सॉफ्टवेअर, म्हणजे कुणालाही वापरायला, बदलायला, वाटायला मोकळं असलेलं सॉफ्टवेअर, याची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांचा मोठा फोटो घ्यायचं ठरलं आणि गटातल्या चौघींनी हरकत घेतली. आता दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, ज्यानं हे सगळं उभं केलं त्यालाच वगळायचं हा कृतघ्नपणा आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तो फोटो लागला तर आम्ही येणार नाही. सर म्हणतात, कॉलेजात राजकारण नको. आणि या भांडणातून तुम्हाला पडलेले पुढचे दोन प्रश्न: स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाची साधनं वापरत राहायची का, आणि उद्या एखाद्या प्रकल्पात काम सुरू करायचं तर तिथलं नेतृत्व कसं आहे हे आधीच कसं ओळखायचं?

फोटोबद्दल लगेच सांगून टाकतो: मी असतो तर लावला नसता. पण मुद्दा फोटोवर संपत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पुण्यात सर्व्हरची कामं करतो. अठरा वर्षं एका लिनक्स वितरणासाठी (लिनक्स आणि सोबतची सॉफ्टवेअरं एकत्र बांधून देणाऱ्या प्रकल्पासाठी) पॅकेजं सांभाळतोय आणि मधली तीन वर्षं एका मध्यम आकाराच्या प्रकल्पाच्या तक्रार समितीवर होतो. त्या तीन वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. वाद चव्हाट्यावर आला की सगळे त्या माणसाच्या स्वभावाबद्दल बोलतात: तो थोर आहे, तो विक्षिप्त आहे, त्याचा हेतू वाईट नव्हता. पण वाद चव्हाट्यावर येतो तेव्हा त्याआधी पाचदहा लहान तक्रारी कुणाच्या तरी मनात जिरून गेलेल्या असतात, कारण त्या कुठे न्यायच्या हेच ठरलेलं नसतं. तुमच्या गटात आज जे चाललंय त्याच्या मुळाशी मला हाच प्रश्न दिसतो. नेता चुकला तर त्याला थांबवायचा अधिकार कुणाला, आणि तो अधिकार कुठे लिहून ठेवलाय?

आधी घडलं काय ते नीट पाहू, कारण दोन्ही तटांकडे अर्धवट माहिती असते.

१९८३ च्या सप्टेंबरात स्टॉलमन यांनी ग्नू, म्हणजे फ्री ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचा प्रकल्प, जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, १९८९ मध्ये कोड वापरायचं, बदलायचं, वाटायचं स्वातंत्र्य देणारा जीपीएल हा परवाना आणला. ईमॅक्स हा एडिटर आणि जीसीसी हा कंपायलर त्यांनी सुरू केला. २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला आपल्याकडची फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया सुरू झाली तेव्हा ते स्वतः हजर होते. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी त्यांची भाषणं ऐकून या कामात उडी घेतली, त्यात मीही आहे. हे ऋण मी नाकारत नाही आणि तुम्हीही नाकारू नका.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप असलेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन याच्या प्रकरणातली कागदपत्रं खुली झाली. एका पीडितेच्या जबानीत एमआयटीचे दिवंगत प्राध्यापक मार्व्हिन मिन्स्की यांचं नाव होतं. सप्टेंबरात एमआयटीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेच्या मेलिंग लिस्टवर त्याबद्दल चर्चा सुरू झाली. तिथं मिन्स्की यांच्याबाबत इतरांनी वापरलेल्या 'अत्याचार' या शब्दाला स्टॉलमन यांनी हरकत घेतली. त्या मुलीवर बळजबरी झाली होती असं धरलं तरी ती मिन्स्कींसमोर स्वखुशीनं आल्यासारखी उभी राहिली असावी, हीच शक्यता जास्त वाटते, असा त्यांचा रोख होता. काही बातम्यांनी 'मुलगी राजी होती असं स्टॉलमन म्हणाले' असं छापलं. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्यांचे समर्थक हा फरक दाखवतात तेव्हा ते बरोबर असतात. पण ती लिस्ट विद्यार्थिनीही वाचत होत्या. संस्थेवर आधीच एपस्टीनच्या देणग्यांवरून रान उठलं होतं. अशा वेळी एका पीडितेच्या जबानीवर शब्दांची चिरफाड करणं कसं पोचेल, हे चळवळीच्या प्रमुखाला कळायला हवं होतं. त्यातच प्रौढ आणि अल्पवयीन यांच्या संबंधांबद्दल त्यांनी पूर्वी आपल्या संकेतस्थळावर लिहिलेली मतं पुन्हा वर आली. ती मतं चूक होती, असं त्यांनी त्याच महिन्यात लिहून मागे घेतलं. १६ सप्टेंबरला त्यांनी एमआयटीतलं स्थान सोडलं, फाउंडेशनचं अध्यक्षपद आणि संचालकपदही सोडलं. ग्नू प्रकल्पाचं प्रमुखपद मात्र त्यांच्याकडेच राहिलं.

दीड वर्षानं, मार्च २०२१ मध्ये, फाउंडेशनच्या लिबरप्लॅनेट या परिषदेत त्यांनी स्वतःच जाहीर केलं की मी संचालक मंडळावर परत आलोय. परिषद भरवणाऱ्यांना, वक्त्यांना, प्रायोजकांना याचा पत्ताच नव्हता. त्यांनाही ही बातमी इतरांबरोबरच कळली, असं फाउंडेशननं नंतर कबूल केलं. मग ज्वाला उठल्या. सगळ्या मंडळानं पायउतार व्हावं म्हणून हजारो सह्यांचं खुलं पत्र निघालं, त्यांच्या बाजूनं त्याहून जास्त सह्यांचं दुसरं निघालं. रेड हॅट या लिनक्स कंपनीनं फाउंडेशनचा निधी थांबवला. जीसीसीच्या सुकाणू समितीतून त्यांचं नाव वगळलं गेलं. डेबियन या लिनक्स वितरणानं या विषयावर रीतसर मतदान घेतलं, आणि तिथं जिंकलेला पर्याय होता, 'डेबियन यावर जाहीर निवेदन काढणार नाही'. त्या निकालाला अनेकांनी पळपुटेपणा म्हटलं. मला तसं वाटत नाही. तीव्र मतभेद असलेल्या शेकडो माणसांनी सगळे पर्याय समोर मांडून, मतं टाकून एक उत्तर मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी परत कामाला लागले. हे डेबियनला जमलं, कारण त्यांच्याकडे १९९८ पासून लेखी घटना आहे, प्रकल्पप्रमुख दर वर्षी मतदानानं निवडला जातो आणि २०१४ पासून मतानं मंजूर केलेली आचारसंहिता आहे. फाउंडेशनला वर्गणी देणाऱ्या सभासदांना मात्र संचालक निवडायचं मतच नव्हतं. मंडळ मंडळाला निवडत होतं. हजारो माणसं सह्या करत सुटली, कारण सहीखेरीज हाती काही नव्हतं.

या सगळ्यापेक्षा मला जास्त बोलकी वाटते ती २०१८ मधली एक छोटी गोष्ट. ग्नूची सी लायब्ररी, म्हणजे जीलिबसी, तुमच्या लॅबमधल्या जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनवर आहे. तिच्या माहितीपुस्तिकेत प्रोग्रॅम मध्येच थांबवणाऱ्या 'अबॉर्ट' या फंक्शनच्या वर्णनात, अमेरिकी सरकारच्या सेन्सॉरशिपच्या नियमांना चिमटा काढणारा गर्भपाताबद्दलचा एक जुना विनोद होता. एकानं तो काढायचा पॅच, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, पाठवला. रोज त्या कोडवर राबणाऱ्या मेंटेनरांनी चर्चा केली आणि पॅच घेतला. मग स्टॉलमन यांनी सांगितलं, ग्नूचा प्रमुख या नात्यानं पुस्तिकांत काय असावं हे मी ठरवतो, आणि हा मजकूर राहील. कमिट, म्हणजे स्वीकारलेला बदल, उलटवला गेला. विनोद चांगला की वाईट हे क्षणभर बाजूला ठेवा. काम करणाऱ्यांचं एकमत आणि प्रमुखाची मर्जी यांत तंटा झाला, तर दाद मागायची कुठे? अशी जागाच नव्हती. २०१९ आणि २०२१ मध्ये जे पेटलं त्याचं लाकूड या चार ओळींच्या कमिटमध्ये रचलेलं दिसतं.

आता शेजारचं घर बघा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू करणारे लिनस टोरव्हाल्ड्स यांच्या शिवराळ मेलांचे किस्से तुम्ही ऐकलेच असतील. वर्षानुवर्षं लोक ते कौतुकानं सांगायचे, आणि चांगले कर्नल डेव्हलपर त्या वातावरणाला कंटाळून निघून जायचे. १६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे स्टॉलमन यांच्या राजीनाम्याच्या बरोबर एक वर्ष आधी, टोरव्हाल्ड्स यांनी लिस्टवर माफी मागितली. आपलं वागणं चुकलं, लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेणार आहे, आणि काही काळ बाजूला होतोय, असं लिहिलं. त्याच दिवशी कर्नलमध्ये नवी आचारसंहिता आली. ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २२ ऑक्टोबरला काढली आणि टोरव्हाल्ड्स परतले. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आचारसंहितेला तक्रारी घेणारी समिती मिळाली, आणि ती समिती टोरव्हाल्ड्स यांच्या हातातलं खेळणं नाही.

त्याच ऑक्टोबरात स्टॉलमन यांनीही ग्नूसाठी सौजन्यानं बोलण्याच्या सूचना जाहीर केल्या. त्यातल्या कित्येक सूचना खरंच शहाणपणाच्या आहेत, मी त्या नवख्यांना आजही वाचायला देतो. पण त्या सूचनाच आहेत. पाळल्या नाहीत तर काय, याचं उत्तर त्यात मुद्दामच ठेवलेलं नाही. दोन्ही प्रकल्पांनी जवळजवळ एकाच वेळी एकाच दुखण्यावर औषध शोधलं, पण फरक पडला तो इथं.

यावर तुमच्या गटातला कुणीतरी म्हणेल, मग प्रत्येक प्रकल्पानं आचारसंहिता चिकटवली की झालं. नाही होत. रस्ट भाषेच्या प्रकल्पाकडे सुरुवातीपासून आचारसंहिता होती, ती राबवणारी वेगळी तुकडीही होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या तुकडीतल्या सगळ्यांनी एकदम राजीनामे दिले. कारण त्यांनी उघड लिहिलं: मुख्य तुकडी स्वतःखेरीज कुणालाच उत्तरदायी नाही, त्यामुळे तिच्यावर आचारसंहिता लागू करणं आम्हाला शक्य होत नाही. शेवटी २०२३ मध्ये ती मुख्य तुकडी मोडून नवं नेतृत्व मंडळ उभं करावं लागलं. कागद होता, माणसं होती, पण सर्वांत वरच्या पायरीपर्यंत हात पोचत नव्हता.

हे मी इतक्या हट्टानं का सांगतोय, त्यामागे माझ्या डोळ्यांसमोरची एक गोष्ट आहे. साधारण २०११ ची. एका प्रकल्पाच्या मराठी भाषांतराच्या लिस्टवर मी होतो. लातूरकडची एक मुलगी नव्यानं आली होती. तिनं मेन्यूंच्या साडेतीनशे ओळी एका आठवड्यात भाषांतरित करून पाठवल्या, त्यात 'फाइल' हा शब्द 'फाइल' असाच ठेवला होता. आमच्या भाषांतरप्रमुखांचा आग्रह 'संचिका' या शब्दाचा. त्यांनी तिची सगळी ओळ न् ओळ बदलली आणि लिस्टवर सर्वांसमोर लिहिलं, 'आधी मराठी शिका, मग भाषांतराला या.' शब्द एकसारखा हवा हा त्यांचा मुद्दा योग्य होता. मीही तेवढाच मुद्दा पाहिला आणि मूग गिळून गप्प बसलो. तिचा पुढचा पॅच आलाच नाही. तीन महिन्यांनी आवृत्ती निघायच्या वेळी निम्मे मेन्यू इंग्रजीत राहिले, तेव्हा कुठे कुणीतरी विचारलं, ती कुठे गेली?

दोन वर्षांनी एका कार्यक्रमात ती भेटली. मी माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी लिहायला बसले होते. प्रकल्पाच्या पानावर 'काही अडचण असल्यास' म्हणून एकच पत्ता होता. तो त्यांचाच होता."

तक्रार समितीवर जायला मी होकार दिला तो या एका वाक्यामुळे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, साधनं वापरायची का. इथं उत्तर सरळ आहे: वापरा. जीपीएल हा परवाना आहे, कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही. जीसीसीत हजारो माणसांचे कष्ट आहेत आणि परवान्यानं दिलेलं स्वातंत्र्य कुठल्याही अध्यक्षाच्या वागण्यानं कमी होत नाही. उलट नेतृत्व नकोसं झालं तर कोड घेऊन वेगळं निघायचा हक्क हेच अशा सगळ्या मुक्त परवान्यांचं बळ. २००४ मध्ये पडद्यावर खिडक्या आणि चित्रं दाखवणारं एक्सफ्रीएटीसिक्स सोडून लोक एक्स डॉट ऑर्गकडे गेले, २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस निघालं.

मात्र नेतृत्वाचा आणि परवान्याचा अजिबात संबंध नाही असंही समजू नका, हे सहसा कुणी सांगत नाही. बरेच प्रकल्प 'जीपीएलची दुसरी किंवा त्यानंतरची कुठलीही आवृत्ती' असं लिहितात. ती त्यानंतरची आवृत्ती लिहिणार कोण? फाउंडेशन. नवी आवृत्ती जुनीच्याच भावनेला धरून असेल असं वचन परवान्यात आहे, पण लेखणी त्यांच्या हातात आहे. लिनक्स कर्नल फक्त दुसऱ्या आवृत्तीवर आहे, त्याला हा प्रश्न येत नाही. शिवाय जीसीसीत योगदान द्यायचं तर कोडचे हक्क फाउंडेशनच्या नावे करून द्यावे लागत. जून २०२१ मध्ये ती अट सैल झाली. म्हणजे फाउंडेशनच्या मंडळावर कोण बसतं याच्याशी आपला व्यवहाराचा संबंध आहे. त्याबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे कुणाच्या खाजगी आयुष्यात डोकावणं नव्हे. आणि त्या विचारण्याचा थोडा उपयोगही झाला: २०२१ च्या गदारोळानंतर तिथं कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीला मंडळावर जागा मिळाली.

तिसरा प्रश्न, प्रकल्प निवडताना काय बघायचं. यातलं बरंचसं तुम्ही तिथं कशासाठी जाताय यावर ठरतं. एखादा बग दुरुस्त करून परत यायचं असेल तर एवढी चौकशी लागत नाही, पॅच पाठवा आणि मोकळे व्हा. पण दोन-चार वर्षं द्यायची असतील, किंवा इंटर्नशिप आणि शिफारसपत्र त्याच एका माणसाच्या हातात असणार असेल, तर एक संध्याकाळ खर्च करा. मी सगळ्यात आधी आचारसंहितेची फाइल उघडतो आणि थेट शेवटी जातो, जिथं तक्रार कुणाकडे करायची ते लिहिलेलं असतं. नुसता एक सामायिक ईमेल असेल तर त्यामागे कोण माणसं आहेत ते शोधतो. दोन किंवा जास्त नावं हवीत, आणि त्यातल्या कुणाबद्दल तक्रार असेल तर काय, हे लिहिलेलं हवं. मग लिस्टवर गेल्या तीन महिन्यांत नाकारलेले पॅच वाचतो. स्वीकारलेले वाचून काही कळत नाही, सगळेच गोड बोलतात. 'हे घेता येणार नाही, कारण असं' आणि 'हे कुणी लिहिलं?' यातला फरक पाचसहा धाग्यांत उघडा पडतो. शेवटी डोमेन, ट्रेडमार्क आणि रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) किल्ल्या कुणाच्या नावावर आहेत ते पाहतो. २०२४ च्या शरदात वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या कंपनीचं भांडण कोर्टात गेलं, तेव्हा भल्याभल्यांना पहिल्यांदा कळलं की ज्या संकेतस्थळावरून जगभरच्या साइटचे प्लगइन अपडेट होतात ते संस्थेच्या नव्हे, एका माणसाच्या ताब्यात आहे. आपल्याकडे वर्डप्रेसवर पोट असलेले कितीतरी फ्रीलान्सर आहेत. त्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता, पण झळ त्यांना बसली.

संस्थापक एकटाच सगळं बघतो म्हणून प्रकल्प वाईट ठरत नाही, हेही लिहून ठेवतो. लहान प्रकल्पात दुसरं माणूसच नसतं. पायथनमध्ये गिडो व्हान रॉसम जवळजवळ तीन दशकं शेवटचा शब्द देत होते आणि ते घर भरभराटीला आलं. २०१८ च्या जुलैमध्ये एका भाषाबदलावरून झालेल्या कडवट वादानंतर ते थकून बाजूला झाले, तेव्हा कुणालाही वारस नेमून गेले नाहीत, तुम्हीच ठरवा म्हणाले. लोकांनी आराखडे मांडले, मत दिलं, आणि २०१९ पासून निवडून आलेली पाच जणांची समिती कारभार पाहते. मी त्या जाण्याकडे आदरानं बघतो.

आता पुन्हा तुमच्या पोस्टरकडे. फोटो लावू नका असं मी म्हणतो, कारण त्या दिवसाचा विषय चार स्वातंत्र्यं हा आहे: हवं त्या कामासाठी चालवायचं, अभ्यासून बदलायचं, वाटायचं, बदललेलं वाटायचं. ती मोठ्या अक्षरात, चांगल्या मराठीत छापा. ती मांडणी स्टॉलमन यांची आहे हे भाषणात नाव घेऊन सांगा, इतिहास दडवू नका, आणि कुणी २०१९ बद्दल विचारलं तर वर लिहिलंय तेवढं दोन्ही बाजूंनी सांगा. ज्या चौघींनी हरकत घेतली त्यांनी तुमच्या गटाचं मोठं काम केलंय. न बोलता निघून जाणं त्यांना सोपं होतं. त्यांच्यापैकी एकीला आयोजनात घ्या, पण समजूत काढायची म्हणून नको. पोस्टरचा मजकूर कुणी ठरवायचा यातच तिचं मत असू द्या.

आणि सरांना सांगा, राजकारण नको म्हणूनच दोन नावं ठरवून द्या. एक प्राध्यापिका आणि एक गटाबाहेरचा सीनियर. गटात कुणाच्याही, अगदी तुमच्या किंवा सरांच्या वागण्याबद्दल काही सांगायचं असेल तर ते त्या दोघांकडे जाईल, आणि त्या दोघांपैकी एकाबद्दल असेल तर दुसऱ्याकडे. दोघांचे नंबर पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात छापा, क्यूआर कोडच्या शेजारी. छपाईला टाकण्याआधी मजकूर मला पाठवलात तर मी नजर टाकून देईन. 'फाइल' लिहा की 'संचिका', माझी हरकत नाही.